बंदूक काही काळासाठी काढून घेणे : अमेरिकेतील ‘रेड फ्लॅग’ कायदे आणि हक्काचा वाद

२७ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या मुलांसाठी पवित्र मिस्सा चालू होती. शाळेच्या नव्या वर्षाचा तो पहिलाच आठवडा होता. चर्चच्या खिडक्यांतून अचानक गोळ्यांचा वर्षाव झाला. आठ आणि दहा वर्षांची दोन मुले बाकांवरच मृत्युमुखी पडली. अनेक मुले आणि काही वयोवृद्ध भाविक जखमी झाले. गोळ्या झाडणाऱ्या व्यक्तीने शेवटी स्वतःचाही अंत करून घेतला. चार दिवसांनी, रविवारच्या आंजेलस प्रार्थनेच्या वेळी पोप लिओ चौदावे यांनी या बालकांचे स्मरण केले आणि लहानमोठ्या शस्त्रांची जी साथ जगाला ग्रासत आहे ती थांबावी म्हणून सर्वांना प्रार्थनेचे आवाहन केले.

अशी घटना घडली की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : अशा माणसाच्या हाती बंदूक राहतेच कशी? तिकडच्या सरकारला ती काढून घेता येत नाही का? आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले-मुली नोकरी-शिक्षणानिमित्त अमेरिकेत आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर ‘होय, काढून घेता येते’ असे आहे, परंतु सर्व राज्यांत नाही, कायमची नाही आणि कोणीतरी वेळेवर पुढे येऊन मागणी केल्याशिवाय तर नाहीच. मिनेसोटा राज्यातही १ जानेवारी २०२४ पासून असा कायदा अमलात होता. मात्र त्या व्यक्तीविरुद्ध तसा आदेश निघालेला नव्हता. हा कायदा काय आहे, तो कोठून आला आणि त्यावर एवढा वाद का, हे आम्ही येथे क्रमाने मांडत आहोत.

कायद्याचे स्वरूप

या कायद्यांना तिकडे ‘रेड फ्लॅग’ कायदे म्हणतात. रेल्वेमार्गावर धोका दिसताच लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतात, तसाच हा अर्थ. एखादी व्यक्ती स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका ठरेल अशी चिन्हे दिसू लागली, तर न्यायालयाच्या आदेशाने तिच्याकडील बंदुका काही काळासाठी ताब्यात घ्यायच्या आणि तेवढ्या काळात तिला नवी बंदूक विकत घेऊ द्यायची नाही, एवढाच या कायद्याचा आशय आहे.

हे काम साधारणतः दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात अर्जदार शपथेवर न्यायाधीशांना माहिती देतो : धमक्या, आत्महत्येची भाषा, हिंसेच्या घटना, नुकतीच केलेली शस्त्रखरेदी. न्यायाधीशांना त्यात तथ्य वाटले तर समोरच्या व्यक्तीला न बोलावताच ते तातडीचा आदेश देऊ शकतात. पोलीस तो आदेश घेऊन घरी जातात आणि बंदुका ताब्यात घेतात. दुसरा टप्पा सुनावणीचा. ती बहुतेक राज्यांत दोन आठवड्यांच्या आसपास घ्यावी लागते. तेथे त्या व्यक्तीला आपली बाजू मांडता येते, वकील देता येतो, साक्षीदारांना प्रश्न विचारता येतात. धोका सिद्ध झाला नाही तर बंदुका परत मिळतात. सिद्ध झाला तर पुष्कळ राज्यांत एक वर्षापर्यंतचा आदेश निघतो. वर्ष संपल्यावर तो वाढवून हवा असेल तर धोका अजून कायम आहे हे पुन्हा दाखवून द्यावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा आदेश दिवाणी स्वरूपाचा आहे. त्या व्यक्तीने गुन्हा केला आहे असे तो म्हणत नाही आणि तिला तुरुंगातही धाडत नाही. आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा ठरतो.

अर्ज कोणी करायचा याबाबत राज्याराज्यांत फरक आहे. फ्लोरिडात केवळ पोलीस यंत्रणेलाच अर्ज करता येतो. मिनेसोटात जवळचे कुटुंबीय आणि एका घरात राहणारी माणसे यांनाही ती मुभा आहे. न्यूयॉर्कमध्ये शाळाप्रमुख आणि वैद्यकीय व्यावसायिकही अर्ज करू शकतात. कोलोरॅडोने आणखी एक पाऊल टाकले आहे : ज्याच्याविरुद्ध अर्ज झाला त्याला न्यायालय विनामूल्य वकील देते.

परवाना आणि हक्क

आपल्या वाचकांना ‘यात वाद घालण्यासारखे काय आहे?’ असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे शस्त्र बाळगण्यासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. तो मिळवण्यासाठी कारण द्यावे लागते. परवानाधारक मानसिकदृष्ट्या अयोग्य ठरला किंवा सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटले, तर प्राधिकारी तो निलंबित अथवा रद्द करू शकतात. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि निकालानंतर त्या परत मिळतात, हे कोकणातील आणि गोव्यातील शेतसंरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला अनुभवाने माहीत आहे. रानडुकरे शेतात शिरलेली असताना बंदूक पोलीस ठाण्यात पडून आहे म्हणून तो कुरकुरेल, परंतु ‘माझ्या घटनादत्त हक्कावर घाला आला’ असे तो म्हणणार नाही. आपल्या राज्यघटनेत तसा हक्क नाही.

अमेरिकेत तो आहे. इ. स. १७९१ मध्ये त्या देशाच्या घटनेत जी दुसरी दुरुस्ती समाविष्ट झाली, ती शस्त्रे बाळगण्याच्या जनतेच्या हक्काला संरक्षण देते. हा हक्क केवळ नागरी सैन्यदलापुरता की प्रत्येक व्यक्तीचा, यावर दीर्घकाळ खल चालला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क आहे. त्याच निकालात न्यायालयाने असेही नमूद केले की हा हक्क अमर्याद नाही आणि गंभीर गुन्हेगार किंवा मनोरुग्ण यांच्यावरील जुन्या निर्बंधांना या निकालाने बाधा येत नाही. आजचा वाद याच दोन विधानांच्या मधल्या जागेत उभा आहे. ज्याच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही, ज्याला कोणत्याही न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलेले नाही, परंतु ज्याच्याविषयी घरची माणसे धास्तावली आहेत, त्याचे काय करायचे?

सुरुवात कशी झाली

मार्च १९९८ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या लॉटरी खात्यातील एका असंतुष्ट कर्मचाऱ्याने कचेरीत चार वरिष्ठ अधिकाऱ्यांची हत्या करून आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्या राज्याने देशातील पहिला असा कायदा केला. त्यात अर्जाचा अधिकार सुरुवातीला दोन पोलीस अधिकारी किंवा सरकारी अभियोक्ता यांनाच होता. स्वतंत्र चौकशी करून न्यायाधीशांकडून वॉरंट घ्यायचे आणि चौदा दिवसांत सुनावणी, अशी ती पद्धत होती.

दुसरे राज्य इंडियाना. तेथील कथा कायद्यातील पोकळी कशी असते हे दाखवणारी आहे. २००४ च्या आरंभी इंडियानापोलिस शहरात पोलिसांनी एका मनोरुग्णाच्या बंदुका ताब्यात घेतल्या होत्या. परंतु त्या ठेवून घेण्यास कायद्याचा आधार नसल्याने त्याच्या मागणीनुसार परत द्याव्या लागल्या. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात त्याने स्वतःच्या आईला आणि मदतीला धावून आलेल्या जेक लेअर्ड या पोलीस अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. २००५ चा इंडियानाचा कायदा याच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो.

कॅलिफोर्नियात मे २०१४ मध्ये आयला व्हिस्टा येथे एका तरुणाने सहा जणांचा बळी घेतला. त्याच्या वागण्याने धास्तावलेल्या आईवडिलांच्या काळजीमुळे काही आठवडे आधी पोलीस त्याच्या दारापर्यंत जाऊन आले होते. तो शांतपणे बोलला आणि पोलीस परतले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कुटुंबीयांना थेट न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला केला. तो कायदा २०१६ पासून अमलात आला.

खरी लाट आली ती १४ फेब्रुवारी २०१८ नंतर. त्या दिवशी फ्लोरिडातील पार्कलंड येथील शाळेत सतरा जणांचा बळी गेला. महिन्याभराच्या आत, ९ मार्च रोजी, रिपब्लिकन पक्षाच्या राज्यपालांनी तेथील कायद्यावर सही केली आणि नंतर एकेक राज्य त्या वाटेने गेले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युव्हाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर जून महिन्यात केंद्रीय काँग्रेसने दोन्ही पक्षांच्या मतांनी जो कायदा संमत केला, त्यात राज्यांना अशा स्वरूपाच्या उपाययोजना राबवण्यासाठी ७५ कोटी डॉलर्सची तरतूद आहे. आज वीसहून अधिक राज्यांत हे कायदे आहेत. दुसऱ्या बाजूला ओक्लाहोमाने २०२० मध्ये आणि टेक्सासने २०२५ मध्ये नेमका उलटा कायदा करून आपल्या राज्यात असे आदेश लागू होणार नाहीत असे ठरवले. एकाच देशात, राज्याची सीमा ओलांडली की एका आईच्या हाती असलेला उपाय नाहीसा होतो, अशी ही स्थिती आहे.

सर्वांत मोठा प्रश्न आत्महत्येचा

वर्तमानपत्रांत सामूहिक हत्याकांडे गाजतात. त्यामुळे हे कायदे त्यांच्यासाठीच आहेत असा समज होतो. आकडे वेगळे बोलतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून अधिक वेळा बंदुकीची नळी धरणाऱ्याच्या स्वतःकडेच वळलेली होती.

या ठिकाणी काळाचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. आत्महत्येचा तीव्र आवेग अनेकदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. त्या वेळी हाताशी काय आहे यावर जीव अवलंबून राहतो. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी सुमारे नऊ प्राणघातक ठरतात. इतर पुष्कळ मार्गांत वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. आणि जे एकदा वाचतात त्यांच्यापैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असे अभ्यास सांगतात. म्हणजे तो घातक काळ टळला तर माणूस बहुधा वाचतो. बंदूक कायमची काढून घेण्याची गरज नसते. ती त्या काळात हाताशी नसावी, एवढे पुरते.

ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कनेक्टिकटमधील ७६२ प्रकरणांचा अभ्यास करून २०१७ मध्ये असा अंदाज मांडला की दर दहा ते वीस जप्तींमागे एक आत्महत्या टळली. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. टळलेला मृत्यू कोठेही नोंदवला जात नाही, ही अशा अभ्यासांची कायमची अडचण. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये संशोधकांनी अशी एकवीस प्रकरणे प्रसिद्ध केली, ज्यांत सामूहिक हत्येची धमकी किंवा तयारी दिसल्यावर आदेश काढण्यात आला आणि नंतर तसे हत्याकांड घडले नाही. आदेश नसता तर ते घडलेच असते असे सांगता येत नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. हा प्रांजळपणा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कायद्याच्या समर्थकांनीही तो पाळावा.

विरोधकांचे म्हणणे

या कायद्यांना विरोध करणारे सर्वच बंदुकीचे वेडे आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्या आक्षेपांत वजन आहे. ते पाहू.

पहिला आक्षेप न्यायाच्या क्रमाचा. माणसाला आधी ऐकून घ्यावे आणि मग त्याच्या हक्काला हात लावावा, हा न्यायाचा जुना दंडक. येथे तातडीच्या आदेशात आधी जप्ती होते आणि मग सुनावणी. पार्कलंडच्या घटनेनंतर काही दिवसांनी खुद्द राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी, आधी बंदुका घ्या आणि कायदेशीर प्रक्रिया नंतर पार पाडा, अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा त्यांच्याच पक्षातील अनेकजण अस्वस्थ झाले. ही चिंता केवळ उजव्या गटाची नाही. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या ऱ्होड आयलंड शाखेनेही २०१८ मध्ये तेथील विधेयकावर असेच प्रश्न उपस्थित केले होते : गुन्हा न करता, केवळ भविष्यातील वर्तनाच्या अंदाजावरून माणसावर बंधन घालावे काय?

दुसरा आक्षेप सूडबुद्धीने केलेल्या खोट्या अर्जांचा. घटस्फोटाचे भांडण, मालमत्तेचा तंटा, जुने वैर यांपोटी कोणी खोटी शपथ घेतली तर? यावर उत्तर म्हणून बहुतेक राज्यांनी जाणूनबुजून खोटा अर्ज करणे हा गुन्हा ठरवला आहे, तसेच अंतिम आदेशासाठी अनेक राज्यांत पुराव्याची पातळी वरची ठेवली आहे. तरीही सुनावणीपूर्वीचे ते दोन आठवडे निर्दोष माणसाला भोगावे लागतात, हे खरेच.

तिसरा आक्षेप जप्तीच्या वेळच्या धोक्याचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेरीलँड राज्यात पोलीस पहाटे पाचच्या सुमारास आदेश बजावण्यासाठी एका घरी गेले. एकसष्ट वर्षांचा गृहस्थ हाती पिस्तूल घेऊन दारात आला, झटापट झाली आणि पोलिसांच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला. जीव वाचवण्यासाठी काढलेल्या आदेशानेच जीव गेला. अशा घटना विरळ असल्या तरी, आदेश कोणत्या वेळी, कोणत्या रीतीने आणि कोणी बजावावा, हा तांत्रिक प्रश्न नाही हे त्यांवरून कळते.

चौथा मुद्दा मनोरुग्णांच्या बाजूने मांडला जातो. बंदूक जाईल या भीतीने माणूस डॉक्टरकडे जाणेच टाळेल, आणि ‘मनोरुग्ण म्हणजे हिंसक’ हा समाजातील गैरसमज बळावेल. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कोणालाही इजा करीत नाहीत. म्हणूनच पुष्कळ राज्यांचे कायदे आजाराच्या नावावर न जाता प्रत्यक्ष वर्तनावर बोट ठेवतात : काय बोलला, काय केले, काय विकत घेतले.

या आक्षेपांपोटी प्रत्यक्ष असहकारही झाला. कोलोरॅडोने २०१९ मध्ये कायदा केला तेव्हा राज्यातील निम्म्याहून अधिक काउंटींनी आपण दुसऱ्या घटनादुरुस्तीचे आश्रयस्थान असल्याचे ठराव केले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. त्याचा पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, लोकांनी निवडून दिलेला असतो. अशा काही शेरीफांनी आपण हे आदेश मागणार नाही असे जाहीरपणे सांगितले.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका

दोन निकाल आवर्जून समजून घ्यावेत. पहिला २०२१ चा, कॅनिग्लिया खटल्याचा. ऱ्होड आयलंडमधील एका पतीपत्नीच्या भांडणात पतीने पिस्तूल टेबलावर ठेवून पत्नीला आपल्याला गोळी घालायला सांगितले. घाबरलेली पत्नी रात्री बाहेर राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिने पोलिसांना बोलावले. पती तपासणीसाठी इस्पितळात जाण्यास तयार झाला. तो गेल्यावर पोलिसांनी वॉरंटाशिवाय घरात शिरून त्याच्या बंदुका नेल्या. सर्व नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की नागरिकांची काळजी घेणे या सबबीखाली पोलिसांना असे घरात शिरता येणार नाही. हेतू चांगला असला तरी उंबरठा ओलांडण्यासाठी कायद्याचा आधार हवा. न्यायाधीशांच्या आदेशाची अट घालणारे कायदे किती आवश्यक आहेत हे या निकालातून उलट बाजूने स्पष्ट होते.

दुसरा निकाल २१ जून २०२४ चा, रहीमी खटल्याचा. कौटुंबिक हिंसेमुळे ज्याच्यावर न्यायालयाने प्रतिबंधक आदेश बजावला आहे अशा व्यक्तीला बंदूक बाळगता येणार नाही, असा केंद्रीय कायदा आहे. २०२२ च्या ब्रूएन निकालाने शस्त्रांवरील प्रत्येक निर्बंधाला देशाच्या ऐतिहासिक परंपरेत आधार दाखवण्याची कडक अट घातल्यामुळे हा कायदाही टिकतो की नाही अशी शंका निर्माण झाली होती. आठ विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने तो टिकवला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाचे सार असे : ज्या व्यक्तीपासून दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षिततेला खरोखर धोका आहे असे न्यायालयाला आढळले आहे, तिला तात्पुरते निःशस्त्र करणे घटनेशी सुसंगत आहे. ‘तात्पुरते’ हा शब्द तेथे वाया गेलेला नाही. निकालाचा तो एक खांब आहे. मात्र रहीमीला आधी नोटीस आणि सुनावणीची संधी मिळालेली होती. समोरच्याला न ऐकता दिलेला तातडीचा आदेश, किंवा धोका केवळ स्वतःच्याच जिवाला असताना दिलेला आदेश, यांविषयी या निकालाने थेट काही ठरवलेले नाही.

कायदा असून हात रिकामे

वादाच्या गदारोळात एक गोष्ट मागे पडते. पुष्कळदा कायदा पुस्तकात असतो आणि कोणी त्याचे पान उलटत नाही.

१५ एप्रिल २०२१ रोजी इंडियानापोलिस येथील फेडएक्सच्या केंद्रावर आठ जणांची हत्या झाली. मृतांपैकी चार जण शीख समाजाचे होते. ज्या तरुणाने हे केले, त्याच्या आईने वर्षभरापूर्वीच, मार्च २०२० मध्ये, पोलिसांना सावध केले होते आणि त्याची बंदूक ताब्यातही घेतली गेली होती. परंतु न्यायालयात अर्ज दाखल झाला नाही. बंदूक परत दिली गेली नाही, पण न्यायालयाचा आदेश नसल्याने नवी घेण्यास मनाई नव्हती. त्याने पुढे दोन रायफली रीतसर दुकानातून विकत घेतल्या. हातातील वस्तू घेणे आणि नवी घेण्याचा मार्ग बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट न्यायालयाच्या आदेशाशिवाय होत नाही, हा येथील धडा.

मेन राज्यात २५ ऑक्टोबर २०२३ रोजी लुइस्टन येथे अठरा जण मारले गेले. तेथे ‘यलो फ्लॅग’ म्हणून ओळखला जाणारा अधिक सावध कायदा होता : कुटुंबाला थेट न्यायालयात जाता येत नसे. पोलिसांनी त्या व्यक्तीला आधी संरक्षणात्मक ताब्यात घ्यायचे, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. त्या सैनिकी राखीव जवानाच्या मुलाने आणि घटस्फोटित पत्नीने मे महिन्यातच त्याची ढासळती मनःस्थिती आणि घरातील बंदुका यांची माहिती पोलिसांना दिली होती. सप्टेंबरमध्ये त्याच्या एका सहकाऱ्यानेही इशारा दिला. पोलीस घरी गेले, दार उघडले गेले नाही, ते परतले. नंतर नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२४ मध्ये निष्कर्ष काढला की त्याला ताब्यात घेऊन कायद्याची प्रक्रिया सुरू करण्यास पुरेसे कारण होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी सार्वमताने कुटुंबीयांना थेट अर्जाचा अधिकार देणारा कायदा मंजूर केला.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ दोन्ही बाजूंना काही सांगतो. स्वतःच्या जिवाचे रक्षण करणे रास्त आहे, आणि ज्यांच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी तर ते गंभीर कर्तव्यही असू शकते, असे तो म्हणतो. म्हणून घराच्या रक्षणासाठी बंदूक ठेवणाऱ्या अमेरिकन कॅथलिकाला त्या एका कारणाने पापी ठरवता येत नाही. त्याच ग्रंथात असेही आहे की जीवन हे देवाचे दान असून आपण त्याचे मालक नाही, राखणदार आहोत. तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हेही तो सांगतो. ज्याची स्वतःवरची सत्ता सुटत चालली आहे, त्याला राखणारा दुसरा कोणी हवा.

अमेरिकेतील महागुरुस्वामींच्या परिषदेने जून २०२२ मध्ये काँग्रेसला पत्र लिहून बंदुकांवर वाजवी नियंत्रण आणण्याची मागणी केली. त्याआधी काही दिवस, २५ मे रोजी, पोप फ्रान्सिस यांनी शस्त्रांच्या सरसकट व्यापाराला आता ‘पुरे’ म्हणण्याची वेळ आली आहे असे सांगितले होते. कोणत्या राज्याने कोणते कलम कसे लिहावे हे मात्र ख्रिस्तसभा सांगत नाही. त्यावर श्रद्धावंत कॅथलिकांत प्रामाणिक मतभेद असू शकतात, आणि आहेत.

आम्हाला काय वाटते

आमच्या मते या कायद्याचे सारे नैतिक बळ ‘तात्पुरता’ या शब्दात आहे. धोक्याचा काळ थोडा असतो, म्हणून बंधनही थोड्या काळाचे असावे. सुनावणी लवकर व्हावी, वकील मिळावा, धोका टळताच वस्तू सन्मानाने परत मिळावी. परतीची वाट जितकी स्पष्ट, तितकी जप्ती न्याय्य. जेथे ही वाट बुजलेली आहे तेथे विरोधकांचा आक्षेप योग्य ठरतो. जेथे ती मोकळी आहे तेथे केवळ हक्काचे नाव घेऊन आईचा अर्ज नाकारणे योग्य ठरत नाही. अर्थात दोन आठवड्यांचा अन्याय हाही अन्यायच. परंतु तो दुरुस्त करता येतो. मृत्यू दुरुस्त करता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कोणताही न्यायाधीश आपण होऊन कोणाच्या घरातले ओळखत नाही. पहिली झेंडी घरच्या माणसालाच दाखवावी लागते : आईला, पत्नीला, भावाला, सोबत राहणाऱ्या मित्राला. आपल्या माणसाविरुद्ध शपथेवर बोलणे म्हणजे घरभेदीपणा, अशी भावना मनात येते. धर्मगुरू म्हणून आम्हाला ठाऊक आहे की घरातील मानसिक आजार किंवा निराशा लोकांपुढे येऊ नये म्हणून कुटुंबे किती काळ गप्प राहतात. ही लाज मिनेसोटात आहे तशी आपल्या गावांतही आहे. आपल्याकडे घरात बंदूक क्वचित असते. विहीर, कीटकनाशक आणि रेल्वेमार्ग मात्र हाताशी असतात. निराशेच्या त्या काही तासांत माणसाला एकटे न सोडणे आणि घातक वस्तू त्याच्यापासून दूर करणे, हे काम करण्यासाठी आपल्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना आमची सूचना एवढीच : ती ज्या राज्यात राहतात तेथे हा कायदा आहे का आणि अर्ज कोणाला करता येतो, हे त्यांना माहीत असू द्या. नातेवाईक, शेजारी किंवा घरात सोबत राहणारा कोणी निराशेची किंवा सूडाची भाषा बोलू लागला आणि त्याच्याजवळ बंदूक असली, तर ती बातमी योग्य ठिकाणी पोचवणे हा विश्वासघात नव्हे. तातडीचा धोका असेल तर तेथे ९११ आणि मानसिक संकटाच्या वेळी ९८८ हे क्रमांक आहेत. आपल्याकडे शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. हे क्रमांक घरात सर्वांना दिसतील अशा ठिकाणी लिहून ठेवावेत.